थिएटरमधला गारठा

त्या दवाखान्यात दोन डॉक्टरीणबाई होत्या आणि एका बाबतीत दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. बाब होती ऑपरेशन थिएटरमधल्या एसीची. थोरल्या डॉक्टर बाळंतपणं करत, धाकटी जन्मलेली बाळं सांभाळायची. थोरल्या सासू, धाकटी सून. घरी दोघी एका किटलीतला चहा पीत, एकमेकींच्या चपला घालून बाहेर पडत आणि एकाच माणसाच्या घोरण्याबद्दल तक्रार करत. एकीनं त्याला जन्म दिला होता आणि दुसरीनं त्याच्याशी लग्न केलं होतं. थिएटरच्या दारातून आत पाऊल पडलं, की मात्र सोयरीक संपली.

थोरल्यांना उकडायचं. अंगावर झगा, तोंडाला मास्क, डोक्यावर तो भलामोठा दिवा, आणि वयापरत्वे अंगातून निघणाऱ्या वाफा वेगळ्याच. कपाळावरचा घाम पेशंटच्या पोटात पडला तर कोण निस्तरणार, असा त्यांचा सवाल असे. धाकटीचा सवाल वेगळा. नवं बाळ ओलंचिंब बाहेर येतं, तेही आईच्या पोटातली ऊब सोडून. तुम्ही न्हाऊन ओल्या अंगानं फ्रीजपुढे उभ्या राहाल का? बाळ गारठलं की त्याला श्वासाचे कष्ट होतात, अंगातली साखर जळते, आणि ते निस्तरायला मग मी असतेच.

"तुझ्या बाळाला तापता दिवा आहे, दुपटी आहेत, टोपी आहे," थोरल्या म्हणत. "मला काय आहे?"

"तुम्हाला सवय आहे, मॅडम." थिएटरमध्ये 'आई' नाही, 'मॅडम'. हे तिनं पहिल्या दिवसापासून पाळलं होतं.

एसीचा रिमोट थिएटरच्या सिस्टरांच्या खिशात असे. सिस्टर अनुभवी बाई. सासूसुनेच्या मध्ये पडणाऱ्याची चटणी होते हे त्या स्वतःच्या घरी शिकून आल्या होत्या. जी शेवटची बोलेल तिला मान डोलवायची आणि तिची पाठ वळली की एसी अधलामधला करून ठेवायचा, हा त्यांचा तोडगा. दोघीही थोड्या थोड्या नाराज राहत, म्हणजे न्याय बरोबर झाला असं सिस्टर समजत.

अशात ठकू बाळंतपणाला आली. ठकू म्हणजे थोरल्यांची लेक, धाकटीची नणंद. तिचा नवरा पूल बांधायचा आणि नेमका त्या आठवड्यात दूरच्या एका नदीवर अडकला होता. ठकूला त्याचं काही नव्हतं. "आई आहे, वहिनी आहे. तो येऊन काय करणार, खांब रोवणार?" असं म्हणत सकाळी कळा सुरू झाल्यावर ती स्वतःच्या पायांनी जिना चढून आली.

सगळं सुरळीत चाललं होतं. बाळाचे ठोके यंत्रातून घोडा दुडक्या चालीनं चालावा तसे येत होते. तरी थोरल्यांचा चेहरा रोजच्यासारखा नव्हता. पेशंटला दम देताना त्यांचा आवाज खणखणीत असे. लेकीला दम देताना तो मधेच फाटत होता. धाकटीनं हे पाहिलं आणि तिला सासूची माया आली. ती उठून थेट सिस्टरांकडे गेली.

"सिस्टर, ऑपरेशनची वेळ येणार नाही, पण आलीच तर आज एसी मॅडमना हवा तसा ठेवा. गार. पोटची पोर आहे त्यांची. त्यांचा हात स्थिर राहायला हवा. बाळाचं मी बघेन."

सिस्टरांनी मान डोलवली. थोड्या वेळानं थोरल्या आल्या.

"सिस्टर, आज सूनबाईचं ऐका. गरम ठेवा थिएटर. मी सोसेन उकाडा. नातवंड आहे माझं."

सिस्टरांनी पुन्हा मान डोलवली आणि मनात म्हणाल्या, झालं, आज दोघींचं कडाक्याचं वाजलेलं दिसतंय. इतकी वर्षं भांडणाऱ्या दोन बाया एका सकाळी इतक्या गोड बोलतात, म्हणजे हे टोमणेच असणार. एकमेकींना आपल्या तोंडून सुनवायचंय त्यांना. आपण कशाला त्या भानगडीत पडा? त्यांनी रिमोटला हातच लावला नाही. सकाळी एका बाईची गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं होतं. त्यात बाळ नव्हतं, म्हणून वादही नव्हता आणि थोरल्यांनी थिएटर मनसोक्त गार करून घेतलं होतं. ते तसंच गार राहिलं.

दुपारी ठकूचं पाणी गेलं आणि पाठोपाठ यंत्रातला घोडा अडखळला. ठोके मंद झाले, वर येईनात. थोरल्यांनी तपासलं आणि त्यांचे ओठ पांढरे पडले.

"नाळ," त्या म्हणाल्या. "नाळ खाली आलीय. डोक्याखाली दाबली जातेय."

बाळाच्या जगण्याची ती एकच दोरी, आणि ती त्याच्याच डोक्यानं चिमटली गेली होती. दुसरा सर्जन बोलवायला सवड नव्हती. एक नर्स खाटेवर चढली, तिनं आत हात घालून बाळाचं डोकं वर उचलून धरलं आणि खाट, ठकू, नर्स असं सगळं एकत्रच थिएटरकडे धावलं. ठकू ओरडत होती, "वहिनी, बाळ! बाळ बघ!" भूल देणारे डॉक्टर वाटेतच सुई भरत होते. पाठीत भूल द्यायलाही वेळ नव्हता, ठकूला पुरतं झोपवावं लागणार होतं.

एक सांगायला हवं, थोरल्यांचा हात थरथरला नाही. सुरी हातात आल्यावर त्या कुणाच्या आई राहिल्या नाहीत. पोट उघडून बाळ बाहेर काढायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचे हातमोजेही चढवून झाले नसते.

मुलगी होती. ती धाकटीच्या हातात आली ती ओल्या फडक्यासारखी. रंग फिका, हातपाय लोंबते, तोंडातून आवाज नाही.

इथून पुढे धाकटीचं राज्य. तिनं बाळ दिव्याखाली ठेवलं, खसाखसा पुसलं, ओलं दुपटं फेकून कोरडं घेतलं, मान सरळ केली, पाठ चोळली. काही नाही. नाळेच्या बुंध्याशी दोन बोटं धरली. ठोके होते, पण आळसटलेले. तिनं चिमुकला मास्क बाळाच्या तोंडानाकावर बसवला आणि हवेची पिशवी दाबायला घेतली.

"रडलं का?" टेबलाकडून थोरल्यांचा आवाज आला. त्यांचे दोन्ही हात लेकीच्या पोटात होते. मान वळवायचीही सोय नव्हती.

"तुम्ही शिवा, मॅडम."

"रडलं का, विचारते मी!"

"अजून नाही. मी श्वास देतेय. छाती हलतेय. तुम्ही शिवा."

खोटा दिलासा द्यायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही, ही धाकटीची कामाची रीत होती. जे करायची ते ती मोठ्यानं बोलून करायची, म्हणजे खोलीतल्या कुणाला अंदाज बांधत बसावं लागत नसे. "दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड." भीती तिलाही वाटत होती, कशी नाही वाटणार, घरचं लेकरू होतं. पण असली बाळं तिनं पुष्कळ पाहिली होती आणि त्यांतली बहुतेक आता शाळेत दंगा करत होती. श्वास वेळेवर मिळाला तर बाळं सहसा दगा देत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ठोके वाढले," ती म्हणाली. "रंग येतोय. ओठ बघा, सिस्टर, गुलाबी होतायत."

मग बाळानं उचकीसारखा एक आचका दिला. मग दुसरा. आणि मग मांजरीच्या पिलानं ओरडावं तशी ती केविलवाणी, चिडकी, अप्रतिम रडली. भूलवाले डॉक्टर एरवी दगडासारखे, ते "शाब्बास" म्हणाले. थोरल्यांच्या मास्कमागून एक हुंदका आला आणि लगेच "टाक्याचा दोरा द्या" असं दरडावणंही आलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

धाकटीचा तेवढा पडला नाही. बाळाच्या नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि प्रत्येक श्वास सोडताना बाळ कण्हत होतं. तिनं काखेत थर्मामीटर लावला. बाळ गार होतं, असायला हवं त्याहून पुष्कळ गार. आणि तेव्हा कुठे तिला जाणवलं, की आपल्या स्वतःच्या हातांवरही काटा आलाय.

"एसी बंद करा! इतकं गार कुणी केलं?"

सिस्टर रडकुंडीला आल्या. "तुम्हीच सकाळी म्हणालात, गार ठेवा. आणि मॅडम म्हणाल्या, गरम ठेवा. मला वाटलं, दोघी चिडून बोलताय. मी हातच नाही लावला."

रोजच्यासारखं कडाक्याचं भांडण झालं असतं तर थिएटर निदान अधलंमधलं राहिलं असतं. दोघींना नेमकी त्याच दिवशी माया यायची होती.

बाळाला टोपी घातली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, शेजारच्या बाळांच्या खोलीत नेलं. धाकटीनं तिच्या नाकात दोन बारीक नळ्या बसवल्या. त्यांतून हवेचा हलका दाब आत जातो आणि फुप्फुसं मिटू देत नाही. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, तिथे बुडबुडे येत राहतात. छातीचा फोटो काढला. फुप्फुसांत पाणी होतं, तिला वाटलं होतं तसंच. कळा पुऱ्या सोसून आलेल्या बाळाचं हे पाणी वाटेतच ओसरत जातं. असं एकाएकी उचलून काढलेल्याचं बरंचसं आतच राहतं आणि मग हळूहळू जिरतं. वर हा गारठा. तिनं मोठ्या हॉस्पिटलला फोन करून एक खाट राखून ठेवायला सांगितलं. ठकूच्या नवऱ्याला फोन करून झालं ते जसंच्या तसं सांगितलं. कळा सुरू झाल्याचं कळताच तो निघाला होता, वाटेतच होता. जोवर श्वास असा धावतोय, तोवर बाळाला दुधाचा थेंबही द्यायचा नाही, असं नर्सला बजावलं.

ठकूचं पोट शिवून, ती धड आहे याची खात्री करून थोरल्या आल्या. मास्क गळ्यात लोंबत होता, केस घामानं चिकटले होते. एवढ्या गारव्यात त्यांना घाम! बाळाचं कण्हणं ऐकलं आणि त्यांच्यातली डॉक्टर कुठल्या कुठे पळाली.

"गाडी बोलाव. मोठ्या हॉस्पिटलला पाठवू."

"आत्ता नाही, आई." थिएटर मागे पडलं होतं, तेव्हा आई.

"आत्ता नाही? कण्हतेय ती! तिकडे श्वासाची मोठी यंत्रं आहेत, दहा डॉक्टर आहेत."

"आहेत. खाट राखून ठेवलीय. पण बाळ गार आहे. गार बाळ रस्त्यावर काढलं तर आगीतून फुफाट्यात. आधी ऊब, मग बाकीचं."

मग थोरल्या जे बोलू नये ते बोलल्या. "चूक झाकायला ठेवून घेतेयस का?"

नर्सनं मान खाली घातली. धाकटीच्या कानशिलांत रक्त चढलं. तिला हे लागलं, चांगलंच लागलं. पण तिनं आवाज चढवला नाही.

"चूक माझी आहे. बाळाची डॉक्टर असून मी भिडेपोटी गार ठेवा म्हणाले, आणि आत गेल्यावर बघितलंही नाही. ते मी झाकणार नाही, ठकूलासुद्धा सांगेन. पण बाळ पाठवायचं की ठेवायचं, हे माझ्या चुकीवरून ठरत नाही, आई. ते बाळावरून ठरतं. ठोके बघा, घट्ट आहेत. रंग बघा. ऑक्सिजन अगदी थोडा लागतोय. तो वाढायला लागला तर गाडी मी बोलावेन. तुम्हाला विचारायलाही थांबणार नाही."

"आणि तू चुकलीस तर?"

"यात मी चुकत नाहीये."

गर्व नव्हता त्यात. पाणी उताराकडे वाहतं असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. थोरल्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना असंच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना तो सूर ओळखीचा वाटला. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"मग मी काय करू?" त्या म्हणाल्या. ही इमारत उभी राहिल्यापासून हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

"हात धुवा, पुढून उघडणारा झगा घाला आणि त्या आरामखुर्चीत टेकून बसा. ठकू भुलीत आहे, तिचा नवरा वाटेत आहे. बाळाला कुणाच्या तरी छातीची ऊब हवीय, आणि या दवाखान्यात तुमच्याइतकं गरम कुणी नाही."

नर्सला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात लपवलं. पडदा ओढला गेला. बाळाला नळ्यांसकट, नुसत्या टोपीवर आणि लंगोटावर, आजीच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून दोन दुपटी. थोरल्यांनी जन्मभर बाळं काढली आणि दुसऱ्याच्या हाती दिली. त्यांनी दोन्ही तळवे त्या पाठीवर ठेवले आणि डोळे मिटले.

"ठकूला यातलं काही सांगू नकोस," थोड्या वेळानं त्या पुटपुटल्या. "लगेच रडली म्हण. उगीच मनाला लावून घेईल."

धाकटी बुडबुड्यांकडे आणि आकड्यांकडे बघत होती.

ऊब चढत होती. काही काळ सगळं सुधारतंय असं वाटलं. मग अचानक यंत्र किंचाळलं. बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन भराभर उतरायला लागला. थोरल्यांचे डोळे विस्फारले. धाकटीचा एक हात फोनकडे गेला, दुसरा बाळाकडे, आणि बाटलीकडे लक्ष जाताच फोनकडचा हात थांबला. बुडबुडे बंद होते.

"आई, तुम्ही हललात?"

"मी कुठे हलले? दाराशी ती सफाईवाली ओली फरशी तशीच सोडून चालली होती, तिला फक्त म्हटलं..."

मान वळवून कुणाला तरी दम दिल्याशिवाय थोरल्यांचा दिवस जात नसे. तेवढ्या वळण्यानं नाकातल्या नळ्या निसटल्या होत्या. धाकटीनं त्या परत बसवल्या, पट्टी चिकटवली. बुडबुडे सुरू झाले, आकडा चढला, गुलाबी रंग परतला.

"आता हलायचं नाही. बोलायचं नाही. फरशी ओली राहिली तर राहू दे. कळलं?"

थोरल्यांनी ब्र काढला नाही. फक्त मान हलवणार होत्या, तीही मधेच थांबवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. धाकटीनं कापूस घेऊन ते पुसलं आणि पुन्हा आकड्यांपाशी जाऊन उभी राहिली.

आधी कण्हणं थांबलं. ते इतकं हळू थांबलं, की नक्की कधी, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मग नाकपुड्या शांत झाल्या. मग बरगड्यांखालची ओढ गेली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत दारापर्यंत आलं, तेव्हा बाळ एखाद्या शहाण्या माणसासारखं संथ श्वास घेत होतं. धाकटीनं ऑक्सिजन कमी केला, मग बंद केला, मग नळ्या काढून बघितल्या. पुष्कळ वेळ नुसती बघत उभी राहिली. बाळाला नळ्यांची आठवणही आली नाही. ते आजीच्या छातीवर तोंड घासत होतं आणि स्वतःची मूठ चोखत होतं. धाकटीनं मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. "खाट दुसऱ्या बाळाला द्या," ती म्हणाली.

ठकू शुद्धीवर आली होती. घसा बसलेला, ओठ कोरडे, डोळे बाळाला शोधणारे. दोघी खोलीत शिरल्या, बाळ धाकटीच्या हातात.

"आई," ठकूनं आधी आईलाच गाठलं. "ठीक आहे ना? रडली ना लगेच?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं, हे धाकटीला दिसलं. लहानपणापासून ठकूच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनीच उत्तर दिलं होतं. त्या क्षणभर लेकीकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे.

"मला नको विचारूस," त्या म्हणाल्या. "मी तुझी डॉक्टर. तुझ्या लेकीची डॉक्टर ही आहे. ही सांगेल ते खरं."

धाकटी खाटेच्या कडेवर बसली.

"लगेच नाही रडली, ठकू. नाळ दाबली गेली होती, दमली होती ती. मी तिला थोडे श्वास दिले, मग तिनं स्वतः घेतला. नंतर गारठली, त्यात माझी चूक होती. श्वासाचा त्रास झाला. दुपार आईंच्या छातीवर काढली तिनं. आता स्वतःचा श्वास स्वतः घेतेय, गरम आहे, हातपाय झाडतेय. उद्या आणि परवा मी तिला बारकाईनं बघत राहीन. पण मला विचारशील, तर मुलगी धडधाकट आहे."

ठकूच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. तिनं आईकडे पाहिलं नाही. ती वहिनीच्याच तोंडाकडे बघत होती.

"मग आता? आता काय?"

"आता तिला भूक लागलीय," धाकटी म्हणाली, आणि तिनं बाळ ठकूच्या छातीशी दिलं.